सुबेदारांच्या घरचा जबडा

हिमाचलात जाऊन सिमला-मनाली न बघता परत आलेलं नाशिकच्या आमच्या कॉलनीत आमचं एकच जोडपं असावं. परत आल्यापासून जो भेटतो तो बर्फाचे फोटो मागतो आणि मी त्याला एका जबड्याचा फोटो दाखवतो. लोक मान डोलावतात, "वा, छान" म्हणतात आणि द्राक्षांचा भाव विचारतात. त्यांचंही चुकत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. ज्यांना बर्फ हवा असेल त्यांनी दुसरं जोडपं गाठावं.

आधी माझी ओळख. मी दात बनवतो. डॉक्टर नाही, डॉक्टरांसाठी कवळ्या आणि कॅप बनवणारा कारागीर. सातपूरला कारखान्यांच्या गर्दीत माझी दोन खोल्यांची लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, मेणात दाढा कोरतो आणि गेलेलं परत आणून देतो. पेशंटचं तोंड मी कधी बघत नाही, फक्त दात बघतो. माझी बायको सुनंदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या घरात ती माकडांची आणि मी माणसांच्या दातांचा, अशी कामाची वाटणी आहे आणि ती आजवर सुखाने चालली होती.

जानेवारीत नाझियाचा फोन आला. नाझिया सुनंदाची जुनी विद्यार्थिनी. मालेगावची, वडिलांचे चार यंत्रमाग. कॉलेजच्या दिवसांत सुट्टी लागली तरी मालेगावला न जाता आमच्याकडे जेवायला यायची. आता चंडीगडच्या एका संस्थेत शिवालिक डोंगरातल्या प्राचीन वानरांवर संशोधन करते. फोन मॅडमला होता, पण काम माझ्याकडे निघालं.

"काका, तुम्हीच पाहिजे," ती म्हणाली. "दुसरं कुणी नाय चालणार. एक जबडा हाय. त्याची हुबेहूब कॉपी करायची हाय."

"कुणाचा जबडा?"

"लय जुन्या पेशंटचा हाय, काका. नव्वद लाख वर्षं झाली असतील."

मग सुनंदाने मला नीट समजावलं. हिमालयाच्या पायथ्याशी कधीकाळी मोठी जंगलं होती आणि त्यांत मोठे, बिनशेपटीचे वानर राहत होते. शिवापिथेकस त्यांचं नाव. वंश कधीच संपला. हाडं कुजली, पण दात आणि जबड्यांचे तुकडे दगड होऊन मातीत राहिले. बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगर नावाचं गाव आहे, तिथे असे तुकडे पूर्वीपासून सापडतात. तिथल्याच एका निवृत्त सुबेदारांच्या गोठ्यामागची दरड पावसात खचली आणि त्यांना अख्ख्या तीन दाढा असलेला खालचा जबडा सापडला. असा नमुना क्वचित मिळतो. पण खासगी घरात ठेवलेल्या जीवाश्मावरचा शोधनिबंध कुणी छापत नाही. जबडा संस्थेत जमा झाला तर नाझियाचं काम उभं राहणार, नाही तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. आणि सुबेदार तो द्यायला तयार नव्हते. बऱ्याच मिनतवारीनंतर त्यांनी एकच अट घातली होती: जसा आहे तसाच दुसरा जबडा आधी त्यांच्या घरात येईल, मग हा बाहेर जाईल. नाझियाने यंत्रावर छापलेला प्लास्टिकचा तुकडा नेऊन दाखवला, तर म्हणाले, हे खेळणं नातवाला द्या.

"चला ना हो," सुनंदा म्हणाली. "तीस वर्षं मी फळ्यावर त्या जबड्याचं चित्र काढतेय. एकदा हातात तरी घेऊन बघू दे."

तिने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. साडीसुद्धा नाही. मी तिकिटं काढली.

दिल्ली: पांढरी पावडर

गाडीतलं काही सांगत नाही, सगळ्यांनी गाडी पाहिलेली असते. फक्त दिल्लीच्या मेट्रोतली फजिती सांगतो. बॅगेत डाय स्टोनचे पुडे होते. हे आमच्या धंद्यातलं कडक प्लास्टर, पिठासारखं बारीक. तपासणीच्या यंत्रातून बॅग गेली आणि बंदुकवाल्या जवानाने मला बाजूला घेतलं. "ये पाउडर क्या है?" मी खरं ते सांगितलं, "दाँत बनाने का." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला घाम फुटला. नमुना म्हणून बॅगेत एक कवळी होती, ती काढून त्याच्या टेबलावर ठेवली. मागे उभ्या असलेल्या बाई किंचाळल्या. जवान मात्र खूश झाला. त्याच्या आईची कवळी जेवताना सटकत होती, त्याचं कारण त्याने विचारलं. मी सांगितलं, हिरड्या बसल्या असतील, आतून नवीन अस्तर लावून घ्या. आमच्यामागे ही लांब रांग झाली.

सुनंदा पुढे जाऊन उभी होती. "मला वाटलं आता तुम्हाला सोडवायला वकील शोधावा लागतो," असं म्हणून ती जी हसायला लागली ती चंडीगडपर्यंत थांबून थांबून हसत होती.

डोंगर

चंडीगडहून नाझियाने संस्थेची जीप आणली होती. आल्याआल्या सुनंदाच्या गळ्यात पडली, मग माझ्या पाया पडायला वाकली, तिला मी अर्ध्यात धरलं. केस पांढरे व्हायला लागलेत पोरीचे. "मॅडम, शेव आणली का?" हा तिचा पहिला प्रश्न. आणली होती. घाट सुरू व्हायच्या आत पुडा अर्धा संपला.

आपल्याकडचा डोंगर काळा. कुठेही कुदळ मारा, ठण्ण आवाज येतो. त्या लाव्हाच्या दगडात प्राणी सापडायचे नाहीत, सापडलेच तर भट्टीत भाजलेले, असं सुनंदा वर्गात सांगते. शिवालिकचा डोंगर निराळा. एक थर भुरकट वाळूच्या दगडाचा, एक थर लालसर मातीचा, पुन्हा वाळूचा, पुन्हा लाल, आणि सगळे थर एका बाजूला कललेले. हाताने खरवडलं तरी भुगा पडतो. नद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे तो. आमच्याकडे डोंगर चढताना दम लागतो, तिथे डोंगरच पायाखालून निसटतो. पहिल्याच उतारावर मी बसकण मारली ती थेट घाणेरीच्या झुडपात. घाणेरी मात्र अगदी आपलीच, तोच वास, तेच काटे.

वाटेत जिकडेतिकडे माकडं. गव्हाच्या छोट्या छोट्या पायऱ्यांच्या शेतांत बायका डबे वाजवून त्यांना हाकलत होत्या. माकडांच्या त्रासाने कितीतरी जणांनी शेती सोडली, असं ड्रायव्हर सांगत होता. "एवढ्या माकडांच्या गावात लोक मेलेलं माकड शोधायला येतात, म्हणून हे लोक आम्हाला हसतात," नाझिया म्हणाली.

सुबेदार आणि अम्माजी

सुबेदारांचं घर टेकडीच्या कुशीत. पुढे सारवलेलं अंगण, जुन्या भागावर पातळ काळ्या दगडी पाट्यांचं छप्पर आणि शेजारी मुलाने बांधलेला सिमेंटचा मजला. मुलगा फौजेत, मुलगी सासरी. सुबेदार उंच, ताठ, मिशा टोकदार. आम्हाला बघून त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग नमस्कार केला. अम्माजी ठेंगण्या, गोऱ्यापान, तोंडभर हसणाऱ्या. त्यांनी पाण्याबरोबर गुळाचा खडा आणला, तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"दाँतवाले आप हैं?" सुबेदारांनी विचारलं.

"हो जी," मी म्हणालो. माझं हिंदी असंच आहे.

जबडा देव्हाऱ्याच्या फळीवर होता, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कापसात. दर सोमवारी अम्माजी तो कोरड्या फडक्याने पुसत. त्या म्हणाल्या, आमच्याकडे अशा हाडांना राक्षसांची हाडं म्हणतात, भीमाने मारलेले राक्षस. मी सांगितलं, आमच्या नाशिकलाही पांडव येऊन गेलेत. गावाबाहेरच्या डोंगरातली लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली, पण लोक म्हणतात पांडवलेणी. दर रविवारी मी तिथे जातो आणि दर रविवारी कुणाला तरी हे समजावतो. सुबेदार पहिल्यांदाच हसले. "मतलब काम कोई भी करे, नाम पांडवों का," ते म्हणाले. मी टाळी द्यायला हात पुढे केला आणि फौजी माणूस आहे हे आठवून मागे घेतला.

मग त्यांनी डबा उघडला आणि जबडा सुनंदाच्या तळहातावर ठेवला.

जेमतेम बोटभर लांबीचा तुकडा. काळपट तपकिरी हाड, त्यावर निळसर झाक असलेल्या तीन दाढा. मी आयुष्यात हजारो दाढा पाहिल्या असतील, पण मीही वाकून पुन्हा पाहिलं. त्या आपल्यासारख्याच होत्या. सुनंदाने तो उजेडाकडे धरला. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. "चित्रात हे वजन कळत नाही हो," एवढंच ती म्हणाली. तो क्षण मला बघायला मिळाला, माझे तिकिटाचे सगळे पैसे फिटले.

सुबेदारांना मात्र एक तक्रार होती. त्यांच्या लहानपणी शाळेत सांगत की इथे सापडणारा रामापिथेकस म्हणजे माणसाचा पूर्वज. सगळं गाव छाती फुगवून फिरायचं. आता नाझिया म्हणते की तो रामापिथेकस वेगळा नव्हताच, शिवापिथेकसच होता, आणि त्याचं नातं आपल्याशी नाही, तिकडच्या बेटांवरच्या ओरांगउटान वानरांशी आहे.

"पहले परदादा कहा, अब कहते हैं रिश्तेदार भी नहीं," सुबेदार म्हणाले.

"रिश्तेदार हैं जी," सुनंदा म्हणाली. "पणजोबा नाहीत, पण भाऊबंद आहेत. हमारे यहाँ भाऊबंद बोलते हैं, चुलत घराना."

"जिनसे ज़मीन का झगड़ा होता है?"

"तेच!"

संध्याकाळच्या चहाला खरी गोष्ट बाहेर आली. सुबेदारांच्या वडिलांनाही तरुणपणी नांगरताना एक तुकडा मिळाला होता. कुणी एक साहेब शहरातून आले, दोन दिवस घरी राहिले, जेवले, आणि बघून जसाच्या तसा परत आणून देतो म्हणून तुकडा घेऊन गेले. ते पुन्हा आले नाहीत. वडील बस आली की रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. तो तुकडा कुठे आहे, कुणाच्या कपाटात आहे, की फेकून दिला, एवढं तरी कळावं असं त्यांना वाटायचं. ते न कळताच गेले. सुबेदार हे अगदी सपाट आवाजात सांगत होते आणि नाझिया खाली मान घालून कपाची कड पुसत होती.

पंगत

दुसऱ्या दिवशी शेजारी एका बाळाचं जावळ होतं, त्याचं जेवण सगळ्या गावाला. त्याला तिकडे धाम म्हणतात. मी सकाळीच जबड्याचं माप घेतलं होतं. रबरासारखा मऊ लगदा दाढांवर हलकेच दाबायचा, घट्ट झाला की काढायचा, आत दाढांचा खड्डा हुबेहूब उमटतो. त्यात डाय स्टोन ओतून ठेवला आणि मोकळ्या मनाने जेवायला गेलो.

पंगत आपल्यासारखीच, जमिनीवर, पानांच्या पत्रावळीवर. आधी भात आला. घोटीच्या बाजारात नवा तांदूळ आला की जसा वास सुटतो तसा काही त्याला नव्हता, पण मोकळा होता. वर एक डाळ आली. थोडी घेतली. मग हरभऱ्यांची दह्यातली भाजी आली, थोडीच घेतली. मग उडदाची डाळ, मग भोपळ्याचं आंबटगोड. मी प्रत्येकाला "बस, बस" म्हणत होतो, कारण पोळ्यांसाठी जागा ठेवत होतो. शेवटी गोड आलं आणि सगळे उठून हात धुवायला निघाले. धाममध्ये पोळी नसतेच, हे मला तेव्हा कळलं. सुनंदाने नाझियाला विचारून आधीच सगळं भरपेट खाल्लं होतं. मला सांगायचं तिला सुचलं नाही म्हणे.

घरी आल्यावर अम्माजींना माझं तोंड बघून कळलं असावं. त्यांनी काही न विचारता मक्याची रोटी आणि कढी पुढे ठेवली. मक्याची रोटी आपल्या बाजरीच्या भाकरीपेक्षा ठिसूळ, पण लोणी घातल्यावर तक्रारीला जागा राहत नाही. मी तीन खाल्ल्या.

चूक

आता जे झालं ते माझ्याच हाताने झालं.

साच्यातून प्लास्टरचा जबडा निघाला तो सुरेख. फक्त मधल्या दाढेवर हवेचा एक बुडबुडा अडकून खळगा पडला होता. असं होतं. मी त्याच डाय स्टोनची थोडी पेस्ट करून खळगा बुजवला आणि कोरायचं हत्यार घेतलं. अंगणात छान ऊन होतं, पोट भरलेलं होतं, कुठेतरी रेडिओ चालू होता. हात चालत राहिला. दाढेला चार उंचवटे, मधून खाच, खाचेला फांद्या. मग शेजारची दाढ जरा बसकी वाटली, तिलाही थोडी चढवली. रंग दिला. लांब धरून पाहिलं. इतकी देखणी दाढ माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

मी दोन्ही जबडे ताटात ठेवून सुबेदारांसमोर नेले. सगळे जमले होते. सुबेदारांनी चष्मा लावला. एकदा हा उचलला, एकदा तो. अंगठा फिरवला.

"अहो," सुनंदा हळूच म्हणाली, "तुम्ही हिला तरुण केलंत."

मी वाकून नीट पाहिलं. खऱ्या जबड्यातल्या मागच्या दोन दाढा झिजून जवळजवळ सपाट झाल्या होत्या. बाहेरच्या बाजूला तर कवच जाऊन आतला भाग उघडा पडला होता. माझ्या जबड्यात त्या दाढा कालच उगवल्यासारख्या होत्या. मला दाढ झिजलेली दिसली की दुरुस्त करायची, हेच हातांना ठाऊक. मेंदूला विचारायची त्यांना गरजच वाटली नाही.

"जैसा है वैसा," सुबेदार म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पिताजी को भी यही कहा था." त्यांनी खरा जबडा कापसात ठेवला, डबा बंद केला आणि आत निघून गेले.

मी "चूक झाली, दुसरा करतो" असं म्हणेपर्यंत दार लागलं होतं. नाझिया पायरीवर बसली. "जाऊ द्या काका," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलं." पण तिचा चेहरा उतरला होता. दोन वर्षं ती या घराच्या पायऱ्या चढत होती. अम्माजींना भाजी निवडू लागत होती, सुबेदारांच्या पेन्शनच्या कामाला बिलासपूरला जात होती. आणि मी एका दुपारी, भरल्या पोटी, तिच्या सगळ्यावर पाणी ओतलं होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जीप दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होती.

चुलीची काजळी

सकाळी सुबेदार न्याहारीला आले आणि माझ्याकडे न बघता खायला बसले. मी समोर बसलो होतो. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांचं खाणं बघत होतो. ते रोटी चहात बुडवत आणि घास उजव्या गालाकडे सरकवत. डावी बाजू अगदी जपून ठेवत होते.

धंद्याने माझं तोंड उघडलं. "डावीकडे खालच्या दाढा नाहीत ना?" मी विचारलं. सुनंदाने हिंदी करून सांगितलं.

त्यांनी रागाने पाहिलं. पण दुखणारा माणूस दाताबद्दल विचारणाऱ्यावर फार वेळ रागावू शकत नाही. रोटी खाली ठेवून ते म्हणाले, काढून टाकल्या, सीमेवर होतो तेव्हा, कंपाउंडरने. मी त्यांना उन्हात बसवून तोंड उघडायला लावलं. इतक्या वर्षांत कुणा माणसाच्या तोंडात मी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर ते पहिलंच. उजव्या दाढा घासून घासून सपाट झाल्या होत्या. नाझियाने फोनवर फोटो काढून त्यांना दाखवला.

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग स्वतःच उठून डबा घेऊन आले, जबडा काढला आणि फोटोशेजारी धरला.

"ये भी एक तरफ़ से खाता था?"

"असेल," सुनंदा त्यांना हिंदीत म्हणाली. "दुसरी बाजू आपल्याकडे नाही, म्हणून खात्रीने नाही सांगता येणार. पण खूप वर्षं जगली आणि कडक फळं, बिया फोडून खाल्ल्या, हे नक्की."

"जगली? म्हणजे ती मादी?" मी विचारलं.

"जबडा छोटा हाय ना," नाझिया म्हणाली. "हम लोगों को लगता है मादा होगी. बूढ़ी मादा."

"बूढ़ी," सुबेदार म्हणाले. त्यांनी अम्माजींना हाक मारली आणि हे सांगितलं. अम्माजींनी जबडा हातात घेतला, कपाळाला लावला आणि पहाडीत काहीतरी पुटपुटल्या.

मग मी जे बोललो ते माझ्या मोडक्या हिंदीत बोललो, कुणालाही मध्ये न घालता. म्हणालो, सुबेदार साहेब, माझं काम म्हातारपण पुसायचं आहे. तेच एक काम मला येतं. म्हणून हिचंही पुसलं. मी चुकलो. पण साचा अजून आहे, त्यात खाडाखोड नाही. मी पुन्हा ओततो, तुम्ही शेजारी बसा. माझा हात कुठे चुकीचा गेला तर धरा.

ते बसले. नुसते बसले नाहीत, कामाला लागले. बुडबुडे निघावेत म्हणून साचा हलकेच हलवावा लागतो, लॅबमध्ये त्याला यंत्र असतं. इथे सुबेदारांनी साचा ताटात ठेवून ताट खाटेच्या पायावर टकटक आपटायला घेतलं. अगदी एका तालात, कवायतीसारखं. एकही बुडबुडा राहिला नाही. जबडा निघाल्यावर मी हत्यार पेटीत टाकलं आणि पेटी सुनंदाकडे दिली. माझ्या रंगांनी काल हाडाचा काळपटपणा नीट साधला नव्हता. अम्माजींनी चुलीतली काजळी आणली, थोडा उकळलेला चहा आणला. आम्ही चौघं-पाचजण एका दाढेभोवती डोकी घालून बसलो होतो, आणि मला ते मनापासून आवडत होतं. काजळी आणि चहाने जो रंग आला तो डब्यातून आणलेल्या रंगांनी आला नसता.

सुबेदारांनी दोन्ही जबडे घेतले. अंगठा फिरवला. डोळे मिटून पुन्हा फिरवला. नंतर नवा जबडा उचलून देव्हाऱ्याच्या फळीवर, कापसात ठेवला.

"ले जाओ बेटी," ते नाझियाला म्हणाले.

निघताना

नाझिया फोमच्या पेटीत जबडा ठेवायला लागली तर अम्माजींनी तिचा हात धरला. आत जाऊन त्यांनी लाल फडकं आणलं. जबडा त्यात गुंडाळला, सोबत दोन अक्रोड, चिमूटभर तांदूळ आणि गुळाचा खडा बांधला. नाझिया घाबरली. गूळ लागला तर नमुना खराब होईल, असं ती म्हणायला गेली.

"बूढ़ी हो या जवान," अम्माजी म्हणाल्या, "घर से जा रही है, तो खाली हाथ नहीं जाएगी."

सुनंदाने वाद मिटवला. तिने तिच्या पर्समधली प्लास्टिकची पिशवी काढली. जबडा पिशवीत, पिशवी फडक्यात आणि ओटी वेगळ्या गाठीत. नाझियाने ओढणीचा पदर पुढे केला आणि ते सगळं पदरात घेतलं. मालेगावच्या मोमिनांची पोर ती, तिला हे कुणी शिकवलं असेल मला माहीत नाही. अम्माजी रडत होत्या. नाझियाही रडत होती, आणि मी जीपचं चाक तपासत होतो.

जीप सुरू झाली तेवढ्यात सुबेदार बाहेर आले. कोट चढवलेला, कोटावर पदकं, पायात चकचकीत बूट. पुढचं दार उघडून ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि मागे हात केला. "इधर दो. मैं छोड़कर आऊँगा."

सगळा घाट ते लाल गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. वळण आलं की ते त्याच्यावर हात ठेवत. माझ्या शेजारी नाझिया झोपून गेली, कितीतरी महिन्यांची झोप साठली असावी. मला मात्र खिडकीबाहेर बघायला मजा येत होती. ते कललेले थर आता ओळखीचे वाटत होते. एका ठिकाणी सुबेदारांनी जीप थांबवून आम्हाला पकोडे खाऊ घातले आणि स्वतः उजवीकडून सावकाश खाल्ले. त्यांना कवळी करून द्यायचं मी बोललो. म्हणालो, बिलासपूरच्या डॉक्टरकडून माप पाठवा, बाकी माझ्याकडे लागलं. "पर बूढ़ी ही बनाना," ते म्हणाले. पहिल्यांदाच माझी टिंगल केली त्यांनी.

संस्थेत कपाटांच्या लांब रांगा, पांढरे दिवे, थंडगार हवा. नाझियाच्या वरिष्ठ बाई पुढे आल्या, नमस्कार केला, चहाचं विचारलं. सुबेदारांनी चहा नंतर म्हणून सांगितलं. कप्पा कुठला, ते आधी बघायचं होतं. त्यांनी कप्पा ओढून पाहिला, नीट सरकतो का. उंदीर आहेत का, विचारलं. पावसात ओल येते का, विचारलं. दिवा रात्री चालू असतो का, किल्ली कुणाकडे असते, बघायला कुणी आलं तर दाखवतात का. बाई सगळ्याला शांतपणे उत्तर देत होत्या. गावाचं नाव आणि सुबेदारांचं नाव घातलेली चिठ्ठी आधीच तयार होती. ती त्यांनी दोनदा वाचली. मग फडक्यातून जबडा काढून स्वतःच्या हाताने फोममध्ये ठेवला. ओटीची गाठ कुठे ठेवायची ते कुणालाच कळेना, ती नाझियाने आपल्या टेबलावर ठेवली.

कप्पा बंद झाला. सुबेदार तसेच उभे राहिले. म्हणाले, एकदा परत उघडा. बाईंनी उघडला. त्यांनी वाकून पाहिलं, मान हलवली, आणि तो पुन्हा बंद झाला.

बाहेर येऊन त्यांनी खिशातून फोन काढला. आम्ही थोडे दूर उभे होतो, पण फौजी माणसाचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. तिकडून अम्माजी काहीतरी विचारत असाव्यात, कारण हे बराच वेळ नुसते "हाँ, हाँ" करत होते. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"छोड़ आया," ते म्हणाले. "रो मत. घर अच्छा है."